साळव्यांचे दांडे

आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावरच्या एका मुलाने नवी जीप घेतली. उंच, काळी, चारही चाकांना जोर असलेली. दोन्ही बाजूंना दारांखाली चकचकीत स्टीलच्या नळ्या. एका रविवारी तो ती पुसत होता आणि मी भाजी घेऊन परतत होते. सहज वाकून पाहिलं. नळी पातळ, आणि गाडीच्या पत्र्यालाच स्क्रूंनी आवळलेली.

"हे कशासाठी रे?" मी विचारलं.

"सेफ्टी, आंटी. आम्ही ग्रुपने डोंगरात जातो ना. दगड लागला तर गाडी वाचते."

मला इतका राग आला की पिशवी खाली ठेवून मी त्याला पंधरा मिनिटं बोलले. तो हातात फडकं धरून ऐकत राहिला. वर आल्यावर नवरा म्हणाला, "कुणावर एवढी तापली होतीस? गॅलरीपर्यंत आवाज येत होता."

"कुणावर नाही. साळवे आठवले."

साळवे म्हणजे दिगंबर साळवे. हैदराबादेत कुकटपल्लीला कारखान्यांच्या गल्लीत आमचं ऑफिस होतं. गावोगाव जाऊन खडकाखालचं पाणी शोधायचं, कुठे बोअर मारायची ते सांगायचं, हे आमचं काम. मी तिथे भूगर्भशास्त्रज्ञ होते आणि साळवे फील्डची जीप चालवत. मूळचे परभणीकडचे. आयटीआयमधून वेल्डरचं शिकून हैदराबादला आले ते इथेच राहिले. ऑफिसात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. त्यामुळे जीपमध्ये बसलं की मला माहेरी आल्यासारखं वाटायचं. साळव्यांना तसं काही वाटत असेल असं त्यांच्या चेहऱ्यावरून कधी दिसलं नाही.

बुटका बांधा, जाड मान, हातांवर ठिणग्यांचे बारीक पांढरे डाग. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी खडूचा तुकडा. जे पटत नाही त्यावर खडूने फुली मारायची ही त्यांची सवय. ऑफिसच्या लोखंडी जिन्याची एक पायरी हलत होती, तिच्यावर फुली. जनरेटरच्या उघड्या वायरीशेजारी भिंतीवर फुली. कँटीनमधल्या डगमगत्या बाकावर फुली. शिपाई पुसायचा, साळवे पुन्हा मारायचे. ती वस्तू दुरुस्त होईपर्यंत हे चालायचं, आणि बहुतेक वेळा ती दुरुस्त साळवेच करायचे.

त्यांना तीन शब्दांचा भयंकर राग होता. तेलुगूतलं 'पर्लेदु', इथल्या उर्दूतलं 'चलता जी', आणि आपलं 'चालतंय'. मला एकदा म्हणाले, "मॅडम, ह्या शहरात माणसाला एक भाषा धड येत नाही, पण हा एक शब्द तिन्ही भाषांत येतो." न कळता चूक करणाऱ्यावर ते चिडत नसत. त्याला तीन-तीनदा समजावून सांगत. कळूनही कच्चं काम करणारा दिसला, की त्यांची मान लाल व्हायची.

वेल्डर असून जीप का चालवता, असं मी एकदा विचारलं होतं. समोर बघतच ते म्हणाले, "मोठ्या टाक्या बनवायच्या कारखान्यात होतो. जोड तपासायचं काम. एका टाकीचा जोड कच्चा होता, मी फुली मारली. दुसऱ्या दिवशी फुली पुसलेली, जोड तोच. तिसऱ्या दिवशी मी त्या कारखान्यात नव्हतो." एवढंच.

एकदा फील्डवरून परतताना त्यांनी मला जामबाग भागात आईकडे सोडलं. आमचे आजोबा उदगीरकडची शेती भावाच्या हाती देऊन इथे आले, तेव्हापासून आमचं घर तिथे. मराठी ड्रायव्हर म्हटल्यावर आईने त्यांना आग्रहाने वर बोलावलं. पाणी दिलं आणि खुशीत विचारलं, "साळवे म्हणजे कुठले, भाऊ?"

"परभणीकडचे."

"ते झालं हो. पण कुठले साळवे?"

साळव्यांनी पेला खाली ठेवला. "जयभीमवाले. आता चहा ठेवताय, की निघू मी?"

आईचा चेहरा उतरला. ती घाईघाईने आत गेली आणि कपाटातल्या, आम्हाला कधी न मिळणाऱ्या कपांतून चहा घेऊन आली. साळवे सावकाश प्यायले, चहा चांगला झाला म्हणाले आणि उठले. मी त्यांच्यामागून जिना उतरले. खाली गेल्यावर माफी मागायची असं मनात ठरवत होते, पण तेच वळून म्हणाले, "म्हातारी बाई आहे, विचारलं तिने. तुम्ही का खाली बघत होता? तुम्ही शिकलेल्या ना?"

उत्तराची वाट न बघता ते जीपमध्ये जाऊन बसले.

दांड्यांची गोष्ट त्यानंतरच्या हिवाळ्यात सुरू झाली. शहराच्या दक्षिणेला खडकाळ टेकड्या आहेत, हत्तीएवढाल्या दगडांच्या. तिथल्या एका वाडीसाठी आम्ही जागा बघत होतो. चढावर मुरमावरून मागचं चाक घसरलं आणि जीप आडवी सरकत जाऊन माझ्या बाजूने एका दगडावर बसली. दाराखालचा पत्रा, ज्याला साळवे जीपचा उंबरठा म्हणायचे, आत चेपला. दार उघडेना. मी दुसऱ्या बाजूने उतरले. मला काही लागलं नव्हतं. साळवे मात्र गुडघ्यांवर बसून तो चेपलेला पत्रा बोटांनी चाचपत राहिले.

"वीतभर वर लागला असता तर तुमचा पाय गेला होता," ते म्हणाले. मग तिथेच मातीत काडीने आकृती काढून दाखवली. जीपच्या खाली चासी असते, सगळा भार पेलणारा लोखंडी सांगाडा. त्या सांगाड्यातून बाहेर पाय काढायचे आणि त्या पायांवर जाड पाइपचा दांडा बसवायचा, दोन्ही बाजूंना, उंबरठ्याच्या किंचित बाहेर. मग जीप दगडावर बसली तरी दांड्यावर बसेल. पत्रा आणि आतला माणूस दोन्ही वाचतील.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ऑफिसला अर्ज दिला. मीच टाइप केला होता. अॅडमिनचे प्रमुख श्रीधर सर होते. अत्यंत सभ्य माणूस. कधी आवाज चढवायचे नाहीत, समोरच्याला आधी बसायला सांगायचे, कॉफी मागवायचे, आणि काम करायचे नाहीत. "बघू या, साळवेजी. चांगली सूचना आहे," ते म्हणाले. तीन अर्ज झाले. तिन्ही सूचना चांगल्या होत्या.

चौथा अर्ज साळव्यांनी दिला नाही. ऑफिसच्या मागच्या शेडबाहेर बोअरच्या मशीनचे जुने पाइप पडले होते. आटे झिजल्यामुळे टाकून दिलेले, गवत वाढलेलं त्यांच्यात. साळव्यांनी स्टोअरकीपरला विचारून त्यातले चार उचलले. गल्लीच्या टोकाला मस्तानभाईंचं वेल्डिंगचं दुकान होतं, तिथे रविवारी काम सुरू झालं. मदतीला ऑफिसचा दुसरा ड्रायव्हर नरसिम्हा. चाळिशीचा, दोन मुलींचा बाप, हसतमुख. साळव्यांच्या शिव्या खाऊनही त्यांच्यामागे हिंडणारा तो एकटाच. मी पहिल्या रविवारी उत्सुकतेपोटी गेले आणि मग दर रविवारी जात राहिले.

पहिले दांडे छान दिसत होते. मला तर वाटलं झालं काम. पण साळव्यांनी त्याच पाइपचे दोन तुकडे वेगळे जोडून ठेवले होते. ते वाइसच्या लोखंडी पकडीत आवळले आणि घणाचा घाव घातला. दुसऱ्या घावाला जोडाशेजारी केसासारखी भेग गेली.

मस्तानभाई म्हणाले, "अरे साळवे भाई, घन कौन मारने आरा जीप कू? चल्ता जी."

झालं. साळव्यांनी ग्राइंडर उचलला आणि तयार झालेले दोन्ही दांडे आमच्या डोळ्यांदेखत कापून काढले. तीन रविवारांचं काम. नरसिम्हा तुकडे गोळा करत होता. दुपारी डबे उघडले तेव्हा साळवे जरा शांत झाले आणि सांगू लागले, की हे लोखंड साधं नाही, फार कडक आहे, गार असताना वेल्डिंगची झाळ मारली की आतून ताण धरतं आणि फुटतं. आधी तापवायचं, मग जोडायचं, आणि नंतर राखेत पुरून हळूहळू निवू द्यायचं. चूक त्यांचीच होती. चूक आपली असली की ते जास्त चिडतात हे मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या वेळी त्यांनी तसंच केलं. पाइप तापवून, राखेत निववून. आणि चासीला झाळ लावलीच नाही. "चासी जाळायची नाही," म्हणाले. तिच्यावर दोन बाजूंनी जाड पट्ट्या बसवून बोल्टांनी आवळल्या आणि दांड्यांचे पाय त्या पट्ट्यांना धरवले. मग परीक्षा. दांड्याच्या मधोमध जॅक लावला आणि जीपची एक आख्खी बाजू उचलली. दोन्ही चाकं अधांतरी. साळवे दांड्याला डोळा लावून पाहत होते, तो वाकतो का. जीप तशीच ठेवून आम्ही जेवलो, चहा प्यायलो. तासाभराने साळव्यांनी दोरी ताणून दांडा तपासला. सरळ होता.

"इत्ता मजबूत कायकू बनाए, भाई? इस पे रेलगाड़ी चलाते क्या?" मस्तानभाईंनी विचारलं.

साळवे हसले. माझ्या आठवणीत ते तेवढं एकदाच हसलेले आहेत.

दिसायला ते दांडे ओबडधोबड होते. काळा रंग फासलेला, जोडांच्या रेघा फुगलेल्या. पण पुढचं वर्षभर ती जीप त्या दांड्यांवर दगड घासत फिरली. एकदा तर तीच टेकडी, तोच चढ, आणि जीप पुन्हा सरकली. खडखडाट करत दांड्यावर बसली, घसरगुंडीवरून उतरावी तशी दगडावरून खाली आली आणि उभी राहिली. साळवे उतरले, वाकले, दांड्यावर पडलेल्या चकाकत्या ओरखड्यावरून हात फिरवला. "बसा," म्हणाले आणि गाडी सुरू केली.

मग एका मोठ्या कंपनीचे लोक आमचं काम बघायला यायचे ठरले. ऑफिसला रंग दिला. कुंड्या आल्या. श्रीधर सर अंगणात जीपभोवती फिरले आणि त्यांनी साळव्यांना बोलावलं. मी खिडकीत होते.

"साळवेजी, हे फार रफ दिसतं. काढून टाका. मी चांगले फूटस्टेप मागवलेत, स्टीलचे."

"ते कुठे बसतात, सर?"

"डीलरचा माणूस येऊन बसवेल."

"पत्र्याला बसतात ते. पाय ठेवायला ठीक आहेत. दगडावर कागदासारखे दुमडतात."

"आणि तुमचे हे आरटीओच्या नियमात बसतात का? उद्या कुणी विचारलं तर?"

"नियम मी वाचला नाही, सर. तुम्ही वाचून सांगा. नियमात नाही बसत तर तसं लिहून द्या, आणि मग ही जीप टेकडीवर पाठवणार नाही असंही लिहून द्या."

श्रीधर सर हसले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून आत गेले. लिहून काही दिलं नाही. चार दिवसांनी साळव्यांनी स्वतः बोल्ट सोडले. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. दांडे शेडमध्ये भिंतीला उभे केले. नव्या चकचकीत नळ्यांवर त्यांनी खडूने फुली मारली, ती शिपायाने पुसली. पुन्हा मारली, तेव्हा त्यांची बदली पाहुण्यांना आणण्या-पोचवण्याच्या कारवर झाली. जीप नरसिम्हाकडे आली.

त्या दिवशी टेकडीवर नरसिम्हा आणि मी होतो. तो वेगात नव्हता. हे मी इथे लिहिते कारण जिथे पहिल्यांदा लिहायला हवं होतं तिथे लिहिलं नाही. तो पहिल्या गिअरमध्ये होता आणि मला मुलीच्या शाळेतल्या नाटकाबद्दल सांगत होता. मुरमावरून जीप उजवीकडे सरकली आणि त्याच्या बाजूने दगडावर आदळली. ती सुंदर नळी मुडपून आत गेली. तिच्यामागून उंबरठा गेला, मग पायाखालचा पत्रा वर उचलला गेला. नरसिम्हाचा उजवा पाय घोट्यापासून पेडल आणि पत्र्याच्या मध्ये अडकला. तो ओरडला नाही. "मॅडम, पैर नहीं निकल रा," एवढंच म्हणाला, आणि मग त्याचा चेहरा पांढरा पडला.

मी आधी ॲम्ब्युलन्सला फोन केला आणि मग साळव्यांना. ॲम्ब्युलन्स टेकडीच्या पायथ्यापर्यंत आली, वर येऊ शकेना. वाडीतली माणसं धावली, त्यांनी जीपला दोर बांधून ती धरून ठेवली. जीपमधला जॅक आम्ही लावून पाहिला, पण बाजूला जॅक लावायला भक्कम असं काही नव्हतंच. पत्रा फाटत होता आणि नरसिम्हा कण्हत होता. साळवे पाहुण्यांची कार घेऊनच निघाले, कुणाला न विचारता. पायथ्यापासून दोन जॅक आणि कानस-करवतीची पिशवी खांद्यावर टाकून वर चढले. डिझेलची नळी जवळ होती म्हणून गॅस कटर वापरता येत नव्हता. त्यांनी एक जॅक चासीखाली दगडांची थप्पी रचून लावला, दुसरा आडवा घालून पत्रा फाकवायला सुरुवात केली. तोंडाने सतत शिव्या चालू होत्या. श्रीधर सरांना, डीलरला, लोखंडाला, स्वतःला. मध्येच आवाज एकदम मऊ करून नरसिम्हाला विचारायचे, "पोरीचं नाटक कधी आहे? काय झालीय ती नाटकात?" तो सांगायचा. पुन्हा शिव्या सुरू.

पाय सुटायला एकूण अडीच तास लागले. पाय वाचला, पण घोटा कायमचा आखडला. नरसिम्हाला पुन्हा पेडल दाबता आलं नाही.

आठवड्याने श्रीधर सरांनी मला बोलावलं. कॉफी आली. मग एकपानी अहवाल पुढे आला. त्यात लिहिलं होतं की चालकाने वेग न आवरल्याने अपघात झाला. "फॉर्मॅलिटी आहे, मॅडम. आपण त्याला मदत करूच, माणुसकी म्हणून. पण कागदावर हे असं जायला हवं."

मी पूर्ण वाचला. खोटं आहे हे मला कळत होतं. आणि मी सही केली. त्या वर्षी माझी बढती होणार होती. कुणी हात पिरगळला नव्हता, धमकी नव्हती, कॉफी गरम होती. मी सही केली.

साळव्यांना संध्याकाळपर्यंत कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मुडपलेली स्टीलची नळी हातात घेऊन आले आणि श्रीधर सरांच्या काचेच्या टेबलावर त्यांनी ती ठेवली. ठेवली म्हणजे ठेवलीच, आपटली नाही. आम्ही सगळे दारात जमलो होतो.

"वेग होता म्हणता ना?" साळवे म्हणाले. "ही नळी बघा. गुडघ्यावर ठेवून मी वाकवून दाखवतो, मी तर उभा आहे, माझा काय वेग?" आणि त्यांनी तिचं उरलेलं सरळ टोक गुडघ्यावर घेऊन खरंच वाकवलं. मग ते वळले. वाटेत मी उभी होते. मला वाटलं आता मला बोलतील. ते माझ्या शेजारून निघून गेले. त्यानंतर चार महिने ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मी रोज म्हणत असे.

मग ऑफिसने त्यांनाच काढलं. आरोप असा, की कंपनीचे पाइप परवानगीशिवाय उचलले आणि कंपनीच्या वाहनात बेकायदा फेरफार केला. ज्या स्टोअरकीपरला विचारून पाइप घेतले होते, त्याला काही आठवत नव्हतं. त्या माणसाचा मला राग आला आणि लगेच लाज वाटली, कारण त्याच्यात आणि माझ्यात काय फरक होता?

पण त्या आरोपपत्रात ऑफिसने एक गोष्ट स्वतःच्या हाताने लिहून दिली होती. साळव्यांना दोषी ठरवायच्या घाईत त्यांनी सगळं तपशिलात लिहिलं. जीपला जाड पाइपचे दांडे होते, अमुक दिवशी श्रीधर सरांच्या आदेशाने ते काढायला लावले, साळव्यांनी 'धोका होईल' असं सांगून टाळाटाळ केली, आणि त्यांच्या जागी स्टीलच्या नळ्या बसवल्या. जे श्रीधर सर कधी लिहून देत नव्हते ते सगळं, शिक्क्यासह. साळव्यांनी तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घातला, नरसिम्हाला सोबत घेतलं आणि भरपाईसाठी लेबर ऑफिसात अर्ज केला.

मी सही परत घेतली, पण त्याला आणखी वेळ लागला. नरसिम्हाची बायको एकदा ऑफिसात आली होती. मी तिला ओळखलं, तिने मला ओळखलं नाही. तिने मलाच विचारलं, "मॅडम, त्या दिवशी गाडीत कुणी बाई होत्या म्हणे, त्या कुठे बसतात?" मी बोट केलं माझ्याच रिकाम्या टेबलाकडे, म्हटलं आज आल्या नाहीत. ती गेल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन उभी राहिले. त्याच दुपारी मी घडलं तसं सगळं लिहून काढलं आणि लेबर ऑफिसात नेऊन दिलं. बढती गेली, पुढे नोकरीही गेली. ते सांगण्यासारखं नाही.

सुनावणीला मी साक्ष दिली. माझ्यानंतर साळवे उभे राहिले. ऑफिसचा वकील तरुण होता, छान इंग्रजी बोलायचा. त्याने विचारलं, "तुम्ही इंजिनिअर आहात का?"

"नाही."

"मग तुमचे दांडे असते तर पाय वाचला असता, हे कशावरून?"

"मी त्या दांड्यावर जीप उचलून तासभर ठेवली होती. तुमच्या इंजिनिअरने त्या नळीवर काय ठेवलं होतं, ते विचारा."

वकिलाने कागद उलटले. समोरचे अधिकारी श्रीधर सरांकडे बघायला लागले. श्रीधर सर आपल्या चष्म्याच्या काचा पुसत होते.

निकाल नरसिम्हाच्या बाजूने लागला. भरपाई मिळाली. साळव्यांची नोकरी परत मिळाली नाही, त्यांनी मागितलीही नाही. काही दिवस ते मस्तानभाईंच्या दुकानात काम करत होते आणि मग मुलीकडे परभणीला गेले. तिथेच त्यांचं हृदयविकाराने निधन झालं. मला तीन महिन्यांनी कळलं, मस्तानभाईंकडून. इतक्या वर्षांच्या ओळखीत त्यांचा एक फोटो माझ्याकडे नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते निकालाच्या दिवशी. लेबर ऑफिस दुसऱ्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट नव्हती. मी खाली उभी राहिले. बऱ्याच वेळाने नरसिम्हा कठड्याला धरून, एकेक पायरी उतरत आला. साळवे एक पायरी खाली, तोंड त्याच्याकडे करून उलटे उतरत होते. मी पुढे होऊन म्हटलं, "साळवे, झालं एकदाचं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "साक्षीला बोललात ते बरोबर बोललात, मॅडम," ते म्हणाले. "पहिल्याच दिवशी बोलला असता तर ह्याला हा जिना सात वेळा चढावा लागला नसता."

एवढं बोलून ते चालू लागले. रस्ता ओलांडून बसस्टॉप होता. नरसिम्हा लंगडत होता आणि साळवे त्याच्या बरोबरीने, त्याच्याएवढंच पाऊल टाकत जात होते. ते अर्ध्यावर असतानाच बस आली आणि थांबली न थांबली तोच हलायला लागली. साळव्यांनी नरसिम्हाचा हात सोडला, भराभरा पुढे गेले आणि सरळ बससमोर जाऊन उभे राहिले. ड्रायव्हरने हॉर्न दाबून धरला. खिडक्यांतून माणसं ओरडत होती. साळवे हलले नाहीत. नरसिम्हा आला, दांडी धरून आधी चांगला पाय आणि मग दुसरा पाय त्याने वर घेतला. तो आत जाऊन जागेवर बसलेला काचेतून दिसला, तेव्हा कुठे साळवे बाजूला झाले.